पाईप नको

पंधराच दिवस, म्हणाली रुचिता निखाडे.
पिंजरा लिफ्टमध्ये मावेना म्हणून
आम्ही दोघींनी तो जिन्यानं चढवला, तिसऱ्या मजल्यापर्यंत,
मे महिन्यात, मनीषनगरात, दुपारी दोनला.
मागून दोरीवर बोरी. बुटीबोरीला सापडली म्हणून बोरी.
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरायचं होतं.

पहिल्या सकाळी पिंजरा ओला.
दुसऱ्या सकाळी ओला.
मग पाण्याचं भांडं आठलाच उचललं, जेवण अलीकडे आणलं,
अर्ध्या पिंजऱ्यात पुठ्ठा उभा केला, जागा कमी असली की
कुत्रं तिथं करत नाही म्हणतात.
तिनं पुठ्ठाही ओला केला.
रात्री दोनला तिला खाली नेलं.
गेटवरचा तेजराम खुर्चीतूनच म्हणाला,
‘मॅडम, तुमी कुत्रीले फिरवून राहिल्या, का कुत्री तुमाले?’
एरंडाच्या झुडपाशी ती बसली, मोकळी झाली,
मी अंधारात शाब्बास म्हटलं, पोळीचा तुकडा दिला.
सकाळी सहाला पिंजरा ओला.
ती कोपऱ्यात, नजर भिंतीकडे,
जणू भिंतीनं केलं.

रबरी शीट घरात होतीच.
बाबांची, मागच्या वर्षीची, कपाटाच्या वर गुंडाळून ठेवलेली.
धुवायची, गॅलरीत वाळत टाकायची, ऊन इतकं की
दोन कपडे टांगेपर्यंत पहिला कडक.
बाबांना मी एकदाच म्हटलं होतं,
‘आत्ताच तर बदललं ना.’
ते वाक्य अजून वाळलेलं नाही.
बोरीला मी काहीच म्हणत नव्हते. नुसती पुसत होते.

नवव्या दिवशी पहाटे टाकीत पाणी नव्हतं.
कूलर कोरडा ठणठणीत, वाळ्याला धुळीचा वास,
घामानं मी जागी,
आणि पिंजरा कोरडा.

दहाव्या दिवशी मुद्दाम बघत उभी राहिले.
रोजच्यासारखी पाचला उठले,
बाथरूममधून पाईप ओढला फरशीवरून कूलरपर्यंत,
नळ सोडला.
पाईपमध्ये आधी हवा येते, खोकल्यासारखी,
मग फुसकारा, मग पाणी.
फुसकाऱ्यालाच ती उठली.
चारी पाय एकत्र, शेपूट पोटाखाली,
आणि उभ्याउभ्याच तिच्याखालून पाणी गेलं,
तिला न विचारता.

रुचिताला फोन केला. आधी कुठे होती ही?
होती एका शेडमध्ये, म्हणाली, वर्षभर, वीस-बावीस जणं.
तिथं रोज पहाटे पाईप मारून पिंजरे धुवायचे.
आणि कुत्री?
आतच ना.

आता बादली.
पाच बादल्या म्हणजे एक कूलर. तिसरीनंतर कंबर बोलते.
मगानं ओतते, भिंतीला टेकवून, आवाज होऊ नये म्हणून.
पिंजऱ्याचं दार जुन्या परकराच्या नाडीनं मागे बांधून टाकलंय.
अकरावा दिवस, बारावा, तेरावा, कोरडा.
चौदाव्याला मी पहाटे नीट झोपले.

सोळाव्याला पुन्हा ओला.
बसले पिंजऱ्यासमोर, फडकं हातात, डोकं सुन्न,
रुचिताचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही,
आणि तेवढ्यात वर, छताच्या पलीकडे,
तोच खोकला, तोच फुसकारा.
खापर्डे. चौथा मजला. गॅलरीतल्या कुंड्या.

गेले वर. बनियनवर दार उघडलं त्यांनी.
काय सांगावं ते जिन्यात ठरवलेलं, ते दारात आठवेना.
म्हटलं, ‘झाडांना पाईप नको. मगानं घालाल का?’
‘काऊन?’
‘खालची कुत्री घाबरते.’
खूप वेळ बघत राहिले माझ्याकडे. मग,
‘चाळीस कुंड्या आहेत हो,’ म्हणाले, आणि दार लोटलं.

आज पाच वाजून दहा मिनिटं.
वरून पाण्याचा आवाज येतोय, थांबून थांबून.
एक मग. चपला फरफटतात. एक मग.
बोरी मान उचलून ऐकते,
मोजत असावी,
सात-आठपर्यंत पोचते,
आणि पुन्हा हनुवटी पंजांवर टेकवते.